समुपदेशकाची घडण

प्रस्तावना

दुसऱ्याचे दुःख ऐकून घेणे ही काही नवी विद्या नव्हे. गावच्या पारावर बसलेली वडीलधारी माणसे, माहेरी आलेल्या लेकीच्या केसांतून हात फिरवणारी आई, शेजारच्या काकू, एखादे शिक्षक, असे अनेक जण हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मग त्याच कामासाठी विद्यापीठात पाच ते सात वर्षे का घालवावी लागतात, असा प्रश्न कोणालाही पडेल. प्रस्तुत पाठात अमेरिकेतील समुपदेशन मानसशास्त्राच्या डॉक्टरेट शिक्षणाची ओळख करून दिली आहे. या विषयाला स्वतंत्र ज्ञानशाखेचे रूप तेथे आले आणि त्याच्या प्रशिक्षणाची घडीही तेथेच बसली, म्हणून उदाहरण तेथले घेतले आहे. भारतातील परिस्थितीचा विचार पाठाच्या उत्तरार्धात येतो. समुपदेशक होण्यासाठी काय शिकावे लागते, हे पाहताना कोणत्या सवयी सोडाव्या लागतात याकडेही वाचकाने लक्ष द्यावे.

नोकरीच्या शोधातून निघालेले शास्त्र

समुपदेशन मानसशास्त्राचा उगम मनोरुग्णालयात झाला नाही. तो झाला बेकार तरुणांच्या गर्दीत. विसाव्या शतकाच्या आरंभी बोस्टन शहरात देशोदेशींहून आलेली कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. त्यांच्या मुलांना मिळेल ते काम धरावे लागे, आणि काही महिन्यांत ते सुटेही. फ्रँक पार्सन्स या सुधारकाने १९०८ मध्ये अशा तरुणांसाठी व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. व्यवसायनिवडीवरील त्याचे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे म्हणणे साधे होते : तरुणाने आधी स्वतःला ओळखावे, मग कामांची माहिती घ्यावी, आणि या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. आज हे सर्वांना ठाऊक असल्यासारखे वाटते. परंतु बापाचा धंदा मुलाने करावा किंवा दारात येईल ती नोकरी पत्करावी, एवढेच जेथे माहीत होते, तेथे हा विचार नवा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी सैनिक घरी परतले. १९४४ च्या कायद्याने त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. या माणसांना केवळ नोकरी हवी होती असे नाही; युद्धात गेलेली वर्षे, मोडलेले संसार, गमावलेले हातपाय यांसह त्यांना नव्याने जगणे सुरू करायचे होते. व्यवसायाचा सल्ला आणि मनाचा आधार या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हे तेव्हा ठळकपणे दिसून आले. १९४६ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेत या कामासाठी सतरावा विभाग स्थापन झाला. १९५१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात भरलेल्या परिषदेत ‘समुपदेशन मानसशास्त्रज्ञ’ या पदासाठी डॉक्टरेट शिक्षणाची रूपरेषा ठरली.

त्याआधी, १९४९ मध्ये, कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांच्या शिक्षणासंबंधी एक महत्त्वाची परिषद झाली होती. उपचार करणारा माणूस संशोधकही असला पाहिजे, हा तेथील निर्णय समुपदेशन मानसशास्त्रानेही स्वीकारला. पुढे १९७३ मध्ये त्याच राज्यातील व्हेल येथील परिषदेने प्रत्यक्ष कामावर अधिक भर देणाऱ्या ‘साय.डी.’ या पदवीला मान्यता दिली. तरीही समुपदेशन मानसशास्त्रात बहुतेक ठिकाणी पीएच.डी. हीच वाट रूढ राहिली. चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि समुपदेशन मानसशास्त्र यांच्यातील सीमारेषा आज पुसट झाली आहे. पण पहिल्याचा भर आजाराच्या निदानावर व उपचारांवर, तर दुसऱ्याचा भर माणसाच्या ठायी असलेल्या बळावर आणि आयुष्यातील वळणांवर, एवढा फरक जुन्या वारशामुळे अजून जाणवतो.

वर्गातील अभ्यास

अमेरिकेत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला किमान तीन वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण आणि त्याशिवाय एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. प्रत्यक्षात पदवी हाती येण्यास पाच ते सात वर्षे सहज लागतात. आरंभीची वर्षे मुख्यतः वर्गात जातात. मानसशास्त्राचा इतिहास, मेंदू आणि वर्तन यांचा संबंध, विचारप्रक्रिया, भावना, बालपणापासून वार्धक्यापर्यंतचा विकास, समाजाचा व्यक्तीवर होणारा परिणाम हे विषय सर्वांनाच असतात. त्यांच्या जोडीला समुपदेशनाच्या विविध उपपत्ती, गटसमुपदेशन, मनोविकारांचे निदान, व्यवसायविकासाच्या उपपत्ती आणि व्यावसायिक नीतिशास्त्र येते. व्यवसायविकासात डोनाल्ड सुपर आणि जॉन हॉलंड यांची नावे अटळ आहेत. सुपर यांनी व्यवसायनिवड ही एका दिवसाची घटना नसून आयुष्यभर चालणारी घडण आहे असे मांडले. हॉलंड यांनी १९५९ मध्ये माणसे आणि कामाची वातावरणे यांचे सहा प्रकार मांडून त्यांचा मेळ कसा पाहावा हे दाखवले.

अनेक विद्यार्थ्यांना धास्ती वाटते ती संख्याशास्त्राची. माणसांना मदत करायला आलो आणि आकडेमोडीत अडकलो, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. ही तक्रार समजण्यासारखी असली तरी ती टिकत नाही. समजा, एखाद्या शाळेत मुलीची बुद्धिमत्ता-चाचणी घेतली आणि गुण कमी आले. ती चाचणी कोणत्या भाषेत होती, कोणत्या मुलांवर तिची मानके ठरवली होती, तीच चाचणी महिन्याने घेतली तर किती फरक पडेल, हे ज्याला विचारता येत नाही, तो त्या मुलीच्या आयुष्यावर एक चुकीचा शिक्का मारून मोकळा होईल. चाचणीची विश्वसनीयता आणि यथार्थता या दोन संकल्पना परीक्षेपुरत्या पाठ करण्याच्या नाहीत, त्या एवढ्यासाठी.

सांस्कृतिक विविधतेचा अभ्यास हा या शाखेचा विशेष. १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९२ मध्ये डेराल्ड विंग स्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी समुपदेशकाला लागणाऱ्या सांस्कृतिक क्षमतांची मांडणी केली : स्वतःच्या धारणांची जाणीव, इतर समाजांचे ज्ञान आणि त्यांना साजेशी कौशल्ये. यांतील पहिली सर्वांत अवघड ठरते. आईवडिलांना विचारून निर्णय घेणारा तरुण एका समाजातील समुपदेशकाला परावलंबी वाटेल. दुसऱ्या समाजात तोच तरुण जबाबदार मानला जाईल. चष्मा कोणाच्या डोळ्यांवर आहे, हे आधी पाहावे लागते.

स्वतःचा आवाज ऐकणे

वर्गातील अभ्यासाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष कामाला असते. विद्यार्थी विद्यापीठाच्या प्रशिक्षण केंद्रात, रुग्णालयात किंवा महाविद्यालयातील समुपदेशन केंद्रात खऱ्या सल्लार्थींना भेटतो. सल्लार्थीच्या लेखी संमतीने भेटीचे मुद्रण केले जाते आणि नंतर पर्यवेक्षकासमोर बसून ते ऐकले अथवा पाहिले जाते.

या पद्धतीचा पाया कार्ल रॉजर्स यांनी घातला. १९४० नंतरच्या काही वर्षांत ओहायो राज्य विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी समुपदेशनाच्या भेटींचे ध्वनिमुद्रण सुरू केले. तेव्हा टेपरेकॉर्डर नव्हता. तबकडीच्या एका बाजूवर काही मिनिटांचेच बोलणे मावे आणि एका भेटीसाठी अनेक तबकड्या लागत. १९४२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी एका सल्लार्थीच्या सर्व भेटींचा शब्दशः वृत्तान्त छापला. तोपर्यंत बंद दारामागे काय घडते हे उपचारकाच्या आठवणीतूनच जगाला कळत असे, आणि आठवण ही नेहमी आठवणाऱ्याच्या बाजूने असते. मुद्रण ऐकल्यावर अप्रिय गोष्टी उघड झाल्या. आपण ऐकत होतो असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटत होते, ते बहुतेक वेळ स्वतःच बोलत होते.

प्रशिक्षण केंद्रात काय घडते हे समजण्यासाठी एक कल्पित प्रसंग पाहू. शिक्षण अर्धवट सोडलेला एक तरुण समोर बसला आहे. तो म्हणतो, “मागच्या वर्षी मी कॉलेज सोडलं. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलेलं असतं, पण हाक कोणी मारत नाही.” प्रशिक्षणार्थी तत्परतेने म्हणते, “अहो, पण पुन्हा प्रवेश घेता येतो ना! मुक्त विद्यालयाचा विचार केलात का?” तरुण “हो, बघतो” म्हणतो आणि खाली पाहतो. पुढची दहा मिनिटे तो फक्त “हो” आणि “नाही” एवढेच बोलतो.

पर्यवेक्षिका नेमकी याच ठिकाणी ध्वनिफीत थांबवते. सल्ला चुकीचा होता का? नव्हता. माहितीही खरी होती. पण तरुण प्रवेशाबद्दल बोलत नव्हता. तो हाकेबद्दल बोलत होता. “घरात असूनही घरात नसल्यासारखं वाटतं,” एवढेच वाक्य पुरले असते, किंवा काही न बोलता थोडे थांबणेही. मग पर्यवेक्षिका आणखी एक प्रश्न विचारते : “त्याचं बोलणं ऐकताना तुला काय होत होतं?” प्रशिक्षणार्थी बराच वेळ गप्प राहते आणि मग सांगते की तिच्या धाकट्या भावाने असेच शिक्षण सोडले होते आणि घरातील तो अबोला तिला सहन होत नसे. तिने उत्तर दिले होते ते भावाला.

अशा क्षणी प्रशिक्षणार्थीच्या डोळ्यांत पाणी येणे नवलाचे नाही, आणि पर्यवेक्षिकेने तिचीच समुपदेशक न होणे, हेही एक कौशल्यच आहे. पर्यवेक्षण म्हणजे उपचार नव्हे. त्यासाठी अनेक विद्यार्थी स्वतः स्वतंत्रपणे समुपदेशन घेतात. सल्लार्थीच्या खुर्चीत बसल्यावर घड्याळाकडे गेलेली समुपदेशकाची एक नजरही किती बोचते, हे तेथेच कळते.

मिशिगन राज्य विद्यापीठातील नॉर्मन केगन यांनी १९६० च्या दशकात चित्रफितीचा उपयोग करून या पद्धतीला वेगळी दिशा दिली. त्यांच्या रीतीत चित्रफीत पर्यवेक्षक थांबवत नाही; शिकणारा स्वतः थांबवतो. जेथे भीती वाटली, राग आला किंवा काही बोलायचे राहून गेले, तेथे तो थांबतो आणि ते सांगतो. शेजारी बसलेला मार्गदर्शक चूक-बरोबर ठरवत नाही, फक्त विचारत राहतो.

या टप्प्यावर काही विद्यार्थी मागे पडतात. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी सल्लार्थीसमोर वाद घालतो, किंवा पर्यवेक्षकाने दाखवलेली चूक मान्यच करत नाही, असे घडते. त्याला सुधारणेची लेखी योजना व मुदत दिली जाते. तरीही फरक पडला नाही तर अभ्यासक्रमातून कमी करण्याचा अधिकार विभागाला असतो. हा निर्णय कठोर वाटतो. परंतु ज्यांच्या दारात पुढे असंख्य दुःखी माणसे येणार, त्यांच्या बाजूनेही कोणीतरी उभे राहायला हवे.

गोपनीयतेची मर्यादा

नीतिशास्त्राच्या वर्गात एक खटला हमखास शिकवला जातो. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रुग्णालयात उपचार घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाजवळ एका तरुणीला ठार मारण्याचा विचार बोलून दाखवला. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी त्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले, पण तो शुद्धीवर दिसतो म्हणून सोडून दिले. त्या तरुणीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीही काही सांगितले नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने तिची हत्या केली. तिचे नाव तात्याना तारासॉफ. तिच्या आईवडिलांनी दाद मागितली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सावध करण्याचे आणि १९७६ च्या अंतिम निकालात संभाव्य बळीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य उपचारकावर असल्याचे सांगितले.

हा खटला ऐकून विद्यार्थ्यांचे दोन तट पडतात. समुपदेशक पोलिसांकडे जाणार असेल, तर मनातले कोण बोलेल? आणि न बोलता गेला तर त्या मुलीचे काय? दोन्ही बाजूंचे बोलणे खरे आहे. म्हणूनच पहिल्याच भेटीत, सल्लार्थीने काही सांगण्यापूर्वी, गोपनीयता कोठे संपते हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगण्याची सवय विद्यार्थ्यांना लावली जाते. भारतातही मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि इतरांना होणारी हानी टाळणे यासारखे अपवादही त्याच कलमात नमूद केले आहेत.

प्रबंध आणि आंतरवासिता

प्रबंधासाठी विषय निवडणे, आराखडा समितीसमोर मांडणे, माणसांवरील संशोधनासाठी नीतिसमितीची परवानगी घेणे, माहिती गोळा करणे आणि शेवटी तोंडी परीक्षेत आपल्या निष्कर्षांचे समर्थन करणे, हा क्रम इतर विषयांप्रमाणेच आहे. सर्व काही झाले, फक्त प्रबंध राहिला, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे अडकलेले विद्यार्थी प्रत्येक विद्यापीठात सापडतात.

आंतरवासिता मात्र या शिक्षणाचा वेगळा भाग आहे. एक वर्ष पूर्णवेळ, साधारणतः २,००० तास, विद्यार्थी एखाद्या रुग्णालयात, माजी सैनिकांच्या केंद्रात किंवा विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात काम करतो. जागा देशभर असतात. विद्यार्थी आणि संस्था एकमेकांना पसंतीक्रम देतात आणि संगणकाद्वारे जोड्या लावल्या जातात. ही पद्धत १९९९ पासून चालू आहे. संगणकाने दिलेली जागा बंधनकारक असते. लहान मूल असलेली विद्यार्थिनी दीड हजार किलोमीटर दूरच्या शहरात एका वर्षासाठी बिऱ्हाड हलवते, तेही तुटपुंज्या विद्यावेतनावर. २०१२ च्या सुमारास तर अर्जदारांपेक्षा जागा बऱ्याच कमी होत्या आणि कित्येकांचे वर्ष वाया गेले. पुढे जागा वाढल्या व ही कोंडी बरीच सैल झाली.

पदवी मिळाली तरी काम लगेच सुरू करता येत नाही. राज्याचा परवाना लागतो. त्यासाठी देशपातळीवरील लेखी परीक्षा द्यावी लागते, आणि अनेक राज्यांत पदवीनंतरही पर्यवेक्षणाखाली काही काळ काम केल्याचा दाखला मागितला जातो.

भारतातील वाट

भारतात पीएच.डी. ही मुख्यतः संशोधनाची पदवी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी अभ्यासक्रम-कार्य सक्तीचे केले. २०२२ च्या नियमांनुसार त्यासाठी किमान १२ श्रेयांक लागतात, संशोधन व प्रकाशन-नीतीचा अभ्यास त्यात समाविष्ट असतो, आणि पदवीचा कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षे असतो. सल्लार्थींसोबत पर्यवेक्षणाखाली ठरावीक तास काम केलेच पाहिजे, अशी अट या नियमांत नाही. त्यामुळे येथे नावापुढे ‘डॉक्टर’ लावणारा मानसशास्त्राचा पीएच.डी.धारक उत्तम संशोधक असेल, पण त्याने समुपदेशनाची एकही भेट घेतलेली नसेल, असे होऊ शकते. प्रत्यक्ष कौशल्य येथे प्रामुख्याने पदव्युत्तर अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्यातून मिळवावे लागते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची गोष्ट वेगळी. त्यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांचा समावेश २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या राष्ट्रीय कायद्यात करण्यात आला.

मुक्त शिक्षणातील विद्यार्थ्यांनी एक बदल विशेष ध्यानात ठेवावा. उच्च माध्यमिक स्तरावर मुक्त विद्यालयातून मानसशास्त्र हा विषय घेता येतो. मात्र २०२१ च्या या कायद्याच्या कक्षेत येणारे, मानसशास्त्रासह, उच्च शिक्षणातील अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली. म्हणजे बारावीनंतर या वाटेने जायचे तर नियमित महाविद्यालयात प्रवेश घ्यावा लागतो. नोकरी किंवा घर सांभाळून शिकणाऱ्यांना हा निर्णय जड जाणार, हे उघड आहे. ज्या विद्येचा अर्धा भाग दुसऱ्या माणसासमोर बसूनच शिकावा लागतो, ती टपालाने किंवा पडद्यावरून कितपत शिकवता येईल, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

शब्दार्थ

सल्लार्थी – समुपदेशन घेणारी व्यक्ती. पर्यवेक्षण – अनुभवी व्यक्तीने शिकणाऱ्याच्या कामावर ठेवलेली मार्गदर्शक देखरेख. आंतरवासिता – पदवीपूर्वी संस्थेत राहून केलेले पूर्णवेळ प्रशिक्षण. उपपत्ती – शास्त्रीय सिद्धान्त. यथार्थता – चाचणीने जे मोजायचे तेच मोजणे. श्रेयांक – अभ्यासक्रमाच्या भारमापनाचे एकक.

स्वाध्याय

१. व्यवसाय-मार्गदर्शन आणि मनाचा आधार या गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हे युद्धानंतर कसे दिसून आले?

२. कल्पित प्रसंगातील प्रशिक्षणार्थीचा सल्ला बरोबर असूनही तरुण गप्प का झाला? तुमच्या शब्दांत लिहा.

३. ‘आठवण ही नेहमी आठवणाऱ्याच्या बाजूने असते’ या विधानाचा ध्वनिमुद्रणाशी असलेला संबंध स्पष्ट करा.

४. तारासॉफ खटल्यात तुम्ही मानसशास्त्रज्ञाच्या जागी असता तर काय केले असते? दोन्ही बाजू मांडून आठ ते दहा ओळींत लिहा.

५. घरातील किंवा ओळखीच्या एका व्यक्तीचे बोलणे पाच मिनिटे, सल्ला न देता व मध्ये न थांबवता ऐका. ऐकताना तुमच्या मनात काय काय आले, ते त्याच दिवशी लिहून काढा.